कसर

पहिला दिसला एप्रिलमध्ये, दिव्याकडे पाठ करून.
हे दिव्यावर झेपावून जीव देणारे नव्हेत, माइमू.
हे उधारी थकवलेल्या गिऱ्हाइकासारखे
भिंतीच्या कडेकडेने सटकतात.
टाळी वाजवली. तळव्यावर रुपेरी भुकटी.

मग कपाट उपसलं.
एंडेलला जाऊन अकरा वर्षं झाली,
त्याच्या कोटाने अजून खांदे सोडलेले नाहीत.
शिवणी ब्रशने घासल्या, खिसे उलटे केले:
टार्टू–वाल्गा गाडीचं तिकीट, एक बटण, तंबाखूचा चुरा.
लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या, देवदाराच्या चकत्या,
खालच्या लेइदाने सुचवलेली साबणाची वडीसुद्धा.
दुकानातून चिकट सापळा आणला,
त्याला मादीचा वास लावलेला असतो.
आठवड्यात एकोणीस नर अडकले.
माद्या शहाण्या. त्या आपल्या कामाला लागलेल्या.

आणि उडणारे खातच नाहीत म्हणे,
खाण्याजोगं तोंडच नसतं त्यांना.
खाते ती अळी. अंधारात, आवाज न करता.
आणि जे खाते
त्याचाच अंगरखा विणून घालते.

जूनमध्ये छताजवळ तसला एक अंगरखा सापडला,
तांदळाच्या दाण्याएवढा. भिंग लावलं.
हिरवा.

आपल्या घरात हिरवी लोकर नाही.
मामाला पहाटे घेऊन गेले त्यांचे कोट त्या रंगाचे होते;
आईने पुन्हा कधी
हिरव्या धाग्याची गुंडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.
तीन दिवस शोधलं. सोफ्याचं पोट फाडून पाहिलं,
धुराड्यात पक्ष्याचं जुनं घरटं, तेही करडं.
चौथ्या दिवशी उरला
तुझा पियानो.

‘विकू नकोस,’ एवढंच लिहिलं होतंस टोरांटोहून.
नाही विकला. एकतीस वर्षं
त्याच्या झाकणाला मेण लावलं,
वर विणलेला रुमाल, त्यावर फुलदाणी.
झाकण उघडायचं असतं
हे माझ्या ध्यानातच आलं नाही.
की आलं होतं आणि मी रागावले होते,
आता नक्की सांगता येत नाही.

उइबो आला, पियानो लावणारा, कानात केस असलेला.
दात उपटावेत तशा एकेक पट्ट्या काढत गेला.
खाली हिरवं नमदं, त्याची जाळी झालेली,
आणि जाळीत हिरवे अंगरखे, शेकड्यांनी.
म्हणाला, वाजत्या पियानोला कसर लागत नाही, बाई.
मी त्याला कॉफी दिली. साखर विचारली नाही.

औषध आपल्याकडे एकच, जानेवारी.
पंच्याऐंशी पट्ट्या, पेन्सिलीने आकडे घातलेल्या,
प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाल्कनीत, उणे बावीसमध्ये.
आठवड्याने दोन दिवस आत उबेला,
मग पुन्हा बाहेर.
अंड्यांना वसंत आला असं भासवायचं
आणि दार लावून घ्यायचं. जमलं मला ते.
सतरंजी बर्फावर पालथी घालून बडवली;
उचलली तेव्हा खाली मळकट चौकोन,
घरातल्या सगळ्या पावलांचा.
कोट दोरीवर. गोठून बाह्या ताठ,
लेइदाने अंधारात त्याला ‘गुड इव्हनिंग’ केलं
आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

नवं नमदं उइबोने लाल घातलं. हिरवं मी नको म्हटलं.

आता रोज संध्याकाळी, जेवण्याआधी,
डावीकडून उजवीकडे सगळ्या पट्ट्या दाबते.
ते गाणं नाही. गस्त आहे.
शेवटून तिसरी जरा उशिरा बोलते;
उइबो म्हणाला दुरुस्त करतो,
म्हटलं, राहू दे तेवढी कसर.

तू विचारशील, गेली का सगळी?
मेमध्ये नवा सापळा लावीन, मग कळवते.
तोवर तूच सांग,
तुझ्याकडचं काय काय बंद आहे?